अंड्यांची जमाबंदी

मनुष्यजातीचे जे नानाविध वर्ग धर्मशास्त्रकारांपासून शिरगणतीच्या कारकुनांपर्यंत सर्वांनी आजवर पाडून ठेवले, त्यांत एका मोठ्या आणि दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या वर्गाची नोंद करावयाची राहून गेली आहे. आणि तो वर्ग म्हणजे, जी वस्तू आपण होऊन वाढते आहे ती खरोखरच वाढते आहे किंवा कसे, हे उकरून, उचलून, हलवून आणि उजेडापुढे धरून पाहिल्यावाचून ज्यांना अन्न गोड लागत नाही, अशा सद्गृहस्थांचा. कुंडीत पुरलेली आंब्याची कोय रुजली की नाही हे पाहण्यासाठी ती दर संध्याकाळी उकरणारे, विरजण लावलेल्या भांड्यात रात्रीतून तीनदा बोट बुडवणारे, आणि पाळण्यातले मूल श्वास घेते आहे ना याची खात्री पटावी म्हणून त्याला जागे करणारे हे लोक दुष्ट नसतात. उलट त्यांच्या हेतूची शुद्धता इतकी निर्विवाद असते की, त्यांच्या हातून दगावलेल्या कोयीलाही त्यांच्याविरुद्ध फिर्याद करण्याचा संकोच वाटावा. अशा गृहस्थाच्या एका हाती बॅटरी आणि दुसऱ्या हाती उबवणीचे अंडे आले म्हणजे काय होते, हे पाहण्याचा योग मला बीरगांवात आला.

रायपूर शहर उत्तरेस जिथे आपले शहरपण आवरते घेते, तिथे बीरगांव आहे. शेजारी उरल्याचे औद्योगिक क्षेत्र, त्यापलीकडे सिलतरा. दोन्हीकडे अहोरात्र लोखंड भाजले जाते, वितळवले जाते आणि लाटून त्याच्या सळया केल्या जातात, आणि त्या उद्योगाची काळी भुकटी वाळत घातलेल्या धोतरांवर आणि अंगणातल्या तुळशीवर सारख्याच निःपक्षपातीपणाने उतरते. गावाला स्वतःचा नगर निगम आहे. बिहार, ओडिशा आणि पूर्वांचलातून पोटासाठी आलेल्या माणसांची दाटी आहे. आणि या सर्वांच्या मध्ये, जुन्या वस्तीत, कौलारू घरांच्या परसात कुकरी, म्हणजे कोंबड्या, पाळणारी मूळची छत्तीसगढी घरेही आहेत. मराठी बिऱ्हाडे मात्र थोडी. रायपुरातला मराठी माणूस सामान्यतः तात्यापाऱ्यात सापडायचा, किंवा चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या पायरीवर. बीरगांवात तो आढळला तर कारखान्याच्या नोकरीने तिथे आणून सोडलेला आहे, असे खुशाल समजावे.

आमचे गृहस्थ असेच आणून सोडलेले. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण साऱ्या गल्लीत ते ‘निरीक्षकसाहेब’ याच नावाने ओळखले जातात. आपला मूळपुरुष नागपूरकर भोसल्यांबरोबर या मुलखात आला आणि बिंबाजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७८७ नंतर, इथे जो सुभेदारीचा अंमल सुरू झाला त्यात दप्तरावर होता, असे ते सांगतात, आणि ज्याने त्यांना काम करताना पाहिले आहे त्याला या वंशकथेबद्दल शंका घेण्याचे धैर्य होत नाही. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. दप्तर मात्र खालसा झाले नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून झिरपत येऊन सळयांच्या एका कारखान्यातील गुणवत्ता-निरीक्षकाच्या खुर्चीवर स्थिरावले. त्या खुर्चीवर बसून निरीक्षकसाहेबांनी उभी हयात एकच काम केले: प्रत्येक घाण्यातील नमुन्याची सळई वाकवून पाहायची, ओढून तोडून पाहायची, आणि ती किती ताण सोसून तुटली याचा शेरा नोंदवहीत मारायचा. वस्तू चांगली आहे हे सिद्ध करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती मोडून पाहणे, हा सिद्धांत ज्याच्या अंगी असा मुरलेला, त्याला सेवानिवृत्तीनंतर अंडी उबवण्याची बुद्धी व्हावी, यात दैवाचा काही विनोद असलाच पाहिजे.

निमित्त कडकनाथाचे झाले. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दंतेवाड्याचाही त्यावर दावा असल्यामुळे छत्तीसगढात त्या काळी या विषयाला प्रांतीय अस्मितेचे स्वरूप आले होते. निरीक्षकसाहेबांनी त्या प्रकरणाचा कागदोपत्री अभ्यास केला आणि निकाल आपल्या प्रांताच्या विरुद्ध गेला याचे शल्य इतकी वर्षे मनात जपून ठेवले. निवृत्तीचा पहिला महिना संपताच त्या शल्याने उचल खाल्ली. जुन्या वस्तीतली एक म्हातारी, जिला सगळे ‘दाई’ म्हणतात, तिच्या परसात एक कडकनाथ कोंबडा आणि त्याचा बराचसा मिश्र संसार होता. तिच्याकडून वीस अंडी आणली गेली. ती पिवळट बदामी रंगाची निघाली तेव्हा निरीक्षकसाहेबांनी माल परत करण्याची भाषा केली, कारण काळ्या कोंबडीचे अंडे काळे असावे अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. कडकनाथाची कातडी काळी, मांस काळे, हाडेसुद्धा काळसर, परंतु अंड्याचे कवच मात्र चारचौघींच्या अंड्यासारखेच असते, हे त्यांना पटायला दोन दिवस लागले. आणि पटल्यावरही नोंदवहीत ‘वर्ण : अपेक्षेहून भिन्न’ असा शेरा पडलाच.

या विसांत त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातली चार अंडी मिसळली. हेतू असा की, आपली परीक्षा निर्दोष आहे किंवा नाही हे कळण्यासाठी ज्यांतून काही निघणे शक्य नाही अशीही काही अंडी डाव्या-उजव्यांत असावीत. या योजनेत खरोखरच शास्त्रबुद्धी होती. दुकानात मिळणारी अंडी ज्या कोंबड्या देतात त्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. १९७१ साली डॉक्टर बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केल्यापासून आणि १९८२ साली अंडी समन्वय समिती आल्यापासून या देशात अंड्याचा धंदा वाढत गेला तो अशा ब्रह्मचारिणींच्या बळावर. गर्भच नसलेले ते अंडे तीन आठवडेच काय, तीन तपे उबवले तरी त्यातून दुर्गंधीखेरीज काही निष्पन्न व्हायचे नाही.

उबवणी यंत्र घरीच तयार झाले. औषधांच्या दुकानातून आणलेली थर्माकोलची पेटी, तिच्या झाकणाला बसवलेले दोन पिवळे दिवे, जुन्या संगणकातून काढलेला पंखा, पाण्याची वाटी, आणि उष्णता ठरावीक अंशावर पोचली की दिवे मालवणारे एक छोटे यंत्र, अशी सामग्री. उष्णता ३७.५ अंश सेल्सियस ठेवायची, हे त्यांनी वाचले होते. परंतु ज्याने आयुष्यभर एका साक्षीवर निकाल दिला नाही, तो एका उष्णतामापकावर कसा विश्वास ठेवणार? त्यांनी तीन बसवले. पेटीवरच्या यंत्राची जबानी ३७.५ अंश अशी. बाजारातून आणलेली काचेची नळी ३६ वर ठाम. आणि घरातले ताप मोजण्याचे जे डॉक्टरी उपकरण होते, ते प्रत्येक वेळी १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंशांच्याही वर, सांगे. तीन साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात तेव्हा निरीक्षकसाहेबांनी तिसऱ्याची साक्ष मुळातच अग्राह्य ठरवली. कारण तो पडला घरगुती, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, मालकीचा, आणि आजारी नसलेल्यांविषयी बोलण्याचा त्याला अधिकार पोचत नाही. पहिल्या दोघांत पहिल्याला कौल मिळाला. मिसर देशात मातीच्या प्रचंड भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे लोक अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत, आणि ही कला शतकानुशतके बापाकडून मुलाकडे जात असे. रेओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर एक ग्रंथ लिहिला तो या भट्ट्यांचा अभ्यास करूनच. हा वृत्तांत मी निरीक्षकसाहेबांना ऐकवला तेव्हा ते म्हणाले, “पापणीचा दाखला लेखी कसा घेणार?”

खरी अडचण अंधाराची आली. उबवणीचे अंडे तपासायचे म्हणजे काळोख्या जागेत, अंड्याच्या रुंद टोकाशी तेजस्वी दिवा लावून, त्याच्या कवचातून आरपार येणाऱ्या उजेडात आतले पाहायचे. पूर्वी हे काम मेणबत्तीवर होई, हल्ली बॅटरीवर होते. आता बीरगांवच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ज्याला खराखुरा काळोख म्हणता येईल असे एकच स्थान होते, आणि तिथे देव बसलेले होते. निरीक्षकसाहेबांनी तिथल्या प्रवेशाविषयी तोंडी अर्ज केला. वहिनींनी तो ऐकून घेण्याचेही नाकारले. ज्या घरात अंडे उंबऱ्याच्या आत येण्याला आधीच चार अटी होत्या, म्हणजे वेगळे भांडे, वेगळे फडके, स्वयंपाकघराची हद्द नाही आणि चतुर्थीला शब्दही नाही, त्या घरात चोवीस अंडी गजाननासमोर मांडण्याची कल्पना मनात यावी, हेच त्यांना सेवानिवृत्तीचे पहिले दुष्परिणामचिन्ह वाटले. अखेर तडजोडीने न्हाणीघर मंजूर झाले. त्याच्या झरोक्याला पुठ्ठा ठोकण्यात आला. आणि त्या दिवसापासून घरातल्या माणसांच्या स्नानाच्या वेळा अंड्यांच्या सोयीने ठरू लागल्या.

मुहूर्ताचा विचारही झाला होता. कोंबडीच्या अंड्याला उबवणीस एकवीस दिवस लागतात. तेव्हा गुढीपाडव्याच्या दिवशी पिले बाहेर पडावीत अशा हिशेबाने फाल्गुनातल्या होळीच्या पाच दिवस अगोदर अंडी पेटीत ठेवण्यात आली. कवचावर शाईने लिहू नये, कारण त्यात सात हजारांहून अधिक सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून आतला जीव श्वास घेतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून शिसपेन्सिलीने एका अंगाला ‘श्री’ आणि दुसऱ्या अंगाला अनुक्रमांक घालण्यात आला, जेणेकरून अंडी फिरवताना कोणती बाजू वर आहे ते कळावे. कोंबडी बसल्या बसल्या पायांनी आणि चोचीने अंडी दिवसातून कित्येकदा फिरवते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून बसतो. यंत्रात ते काम माणसाला करावे लागते, आणि ते दिवसातून विषम वेळा करावे, म्हणजे रात्रीची दीर्घ विश्रांती रोज एकाच अंगावर होत नाही. या फिरवाफिरवीचे वेळापत्रक ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर डकवले गेले आणि प्रत्येक फेरीपुढे सही करण्याचा रकाना सोडण्यात आला. सही करणारे एकटे तेच होते. तरीही रकाना सोडला होता.

वस्तुतः पहिले चार दिवस अंड्यात पाहण्याजोगे काहीच नसते. परंतु काहीच नसते हे पाहून ठेवणे हासुद्धा निरीक्षणाचाच भाग आहे, असे मानणाऱ्या माणसाला कोण आवरणार? पहिल्याच रात्री चोवीसच्या चोवीस अंडी न्हाणीघरात नेण्यात आली आणि एकेकाला उजेडापुढे उभे करण्यात आले. प्रत्येकाच्या पोटात पिवळसर धूसर प्रकाश आणि बलकाची फिकट सावली याव्यतिरिक्त काही दिसले नाही. ‘प्रगती नाही’ हा शेरा चोवीस वेळा लिहिला गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा चोवीस वेळा लिहिला गेला. तिसऱ्या रात्री वहिनी न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “अहो, त्यांना जरा निजू द्या की!” यावर आतून उत्तर आले की, निजली असतील तर तशी नोंद व्हायला हवी.

या काळात त्यांच्या वाचनात अॅरिस्टॉटल आला. त्या थोर ग्रीक तत्त्ववेत्त्याने गर्भाची वाढ समजून घेण्यासाठी रोज एकेक अंडे फोडून पाहिले होते, आणि तिसऱ्या दिवशी पांढऱ्यात रक्ताचा एक बिंदू जिवंतपणे उडताना दिसतो, तेच हृदय, असे लिहून ठेवले होते. सळया मोडून पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या निरीक्षकसाहेबांना इतक्या प्राचीन काळी आपल्या पंथाचा एवढा मोठा आचार्य होऊन गेला हे वाचून भरून आले. एक संपूर्ण संध्याकाळ ते नमुना-तपासणीच्या विचारात गढलेले होते. परंतु रोज एक याप्रमाणे एकवीस अंडी फोडल्यास एकविसाव्या दिवशी तीनच शिल्लक राहतील, आणि ती नेमकी दुकानातली निघण्याचा संभव आहे, हा हिशेब नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मांडून झाल्यावर त्यांनी अॅरिस्टॉटलची पद्धत दप्तरी दाखल करून टाकली.

पाचव्या रात्री, म्हणजे बाहेर होळी पेटलेली असताना, एका अंड्यात त्यांना एक लाल रेघ दिसली. साहेब मोठ्याने ओरडले. शेजारच्या बिहारी मुलांना वाटले की होळीचाच काही प्रकार आहे, आणि त्यांनी उत्साहाने प्रतिसाद दिला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सातवा दिवस लागला, आणि या दिवसाच्या तपासणीला सारी पुस्तके मान्यता देत असल्यामुळे तिला दरबाराचे स्वरूप आले. सातव्या दिवशी चांगले अंडे पाहणे ही खरोखरच विलक्षण गोष्ट आहे. तांबूस उजेडाच्या त्या छोट्याशा विश्वात मध्यभागी एक काळा ठिपका, तो पिलाचा डोळा. आणि त्या ठिपक्याभोवती, कोळ्याने आठही पाय लांबवावेत तसे, रक्तवाहिन्यांचे लाल तंतू चहूकडे पसरलेले. क्षणभर थांबले तर तो ठिपका हलतो. ज्याने सळयांखेरीज काही तपासले नाही अशा माणसाच्या हातात एखादी वस्तू आपण होऊन हलावी, याचा त्यांच्यावर झालेला परिणाम मी पाहिला आहे. त्यांनी त्या अंड्यापुढे शेरा लिहिण्यासाठी पेन्सिल उचलली आणि काही वेळ ती तशीच धरून ठेवली.

परंतु तो क्षण ओसरला आणि जमाबंदी सुरू झाली. ज्यांत डोळा आणि वाहिन्या दिसल्या ती पंधरा अंडी ‘कायम’. जी पहिल्या रात्रीइतकीच स्वच्छ होती ती सात ‘बडतर्फ’. त्यांत दुकानाची चारही आली, आणि आपला सापळा बिनचूक लागू पडला म्हणून निरीक्षकसाहेबांना ती चार अंडी उजवल्याचाच आनंद झाला. उरलेल्या दोहोंत वाहिन्यांचे जाळे नव्हते. त्याऐवजी आत एक स्पष्ट लाल कडे उमटले होते. सुरुवातीला गर्भ धरला, पण मध्येच मेला, आणि रक्त मागे ओसरून कडेला वर्तुळात गोठले, असा त्या कड्याचा अर्थ. निरीक्षकसाहेबांना ते कडे अत्यंत सुबक वाटले, किंबहुना सर्वांत प्रगत तीच दोन अंडी असावीत असा त्यांचा ग्रह झाला, आणि त्यांच्यापुढे ‘उत्तम’ असा शेरा लाल पेन्सिलीने पडला. पुढे कधीतरी त्यांना खरे कळले. तेव्हा तो शेरा खोडता येईना, कारण नोंदवहीत खाडाखोड करायची नाही हा कारखान्याचा शिरस्ता. त्यामुळे मृत्यूची नोंद ‘उत्तम (कैलासवासी)’ अशी झाली आहे.

या वर्गातील सगळ्याच गृहस्थांचे एक लक्षण असे की, त्यांना स्वतः पाहून समाधान होत नाही, साक्षीदार लागतात. सातव्या दिवसानंतर गल्लीतल्या प्रत्येक घरी न्हाणीघराचे निमंत्रण गेले. चपला बाहेर काढून, झाकलेल्या झरोक्याच्या त्या कोंदट काळोखात, ओल्या फरशीवर एका वेळी चौघेजण उभे राहत, साहेब अंडे बॅटरीवर धरीत, आणि “दिसला? तो पाहा, हलला!” असे म्हणत. त्या अवस्थेत “दिसला” असे न म्हणण्याइतका निर्भीड मनुष्य बीरगांवात निघाला नाही. रोलिंग मिलमधील एका फोरमनने तर इतक्या आवेशाने होकार भरला की, तो बडतर्फ अंड्याकडे पाहत होता हे नंतर उघडकीस आले. मला स्वतःला डोळा दिसला, हेही इथे नमूद करतो. माझ्यामागे रांग असल्यामुळे दिसणे भागच होते, असा अर्थ कोणी काढू नये. याच प्रदर्शनांपैकी एकात एक ‘कायम’ अंडे हातातून निसटले आणि ओल्या फरशीवर त्याची सेवा समाप्त झाली.

दाईला शेवटी बोलावणे गेले. ती आली, अंधारात उभी राहिली, अंड्याकडे न पाहता साहेबांच्या हातातल्या बॅटरीकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “साहेब, कुकरी ह कभू टॉर्च नइ बारय।” कोंबडी कधी बॅटरी लावून पाहत नाही, हे म्हणणे शास्त्राला धरूनच होते, कारण खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे दाणापाण्यासाठी उठते, तेवढा गारवा अंड्याला सोसतो, आणि उरलेला सारा दिवस ती काहीही न तपासता बसून असते, काहीही न तपासता बसणे हाच तिचा व्यवसाय. निरीक्षकसाहेबांनी दाईचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि कोंबडीच्या कार्यपद्धतीत नोंदी ठेवण्याची कसलीच व्यवस्था नसल्यामुळे तिचा दाखला प्रमाण मानता येत नाही, असे मला नंतर एकांतात सांगितले.

दुसऱ्या आठवड्यात मोजणीचे काम निघाले. अंड्याच्या रुंद टोकाशी हवेची एक पोकळी असते; दिवसेंदिवस आतले पाणी छिद्रांतून उडून जाते आणि ती पोकळी वाढत जाते, इतकी की अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे अकरा ते तेरा टक्के वजन कमी व्हावे लागते. वाढ झाली की नाही हे उजेडात पोकळीची कड पाहून कळते. साहेबांनी प्रत्येक अंड्यावर पोकळीची हद्द पेन्सिलीने आखून घेतली, दुसऱ्या दिवशी नवी हद्द, तिसऱ्या दिवशी तिच्याखाली नवी. आणि वजनासाठी ओळखीच्या सराफाचा तराजू आणला. शेरभर भाजी तोलताना दोन वांग्यांची तूट माफ करणारा हा गृहस्थ अंड्याच्या अर्ध्या ग्रॅमसाठी पंखा बंद करून श्वास रोखून बसत असे. चौदाव्या दिवशी आणखी दोन अंड्यांत हालचाल थांबलेली आढळली. हाताळणीने ती मेली असे खात्रीने म्हणता येणार नाही, काही गर्भ असेही जातात. परंतु वहिनींनी त्या दोघांची नावे घेऊन निरीक्षकसाहेबांकडे जे पाहिले, ते आरोपपत्रच होते.

आणि मग अठरावा दिवस उजाडला. या दिवशी उजेडात अंडे जवळजवळ संपूर्ण काळे दिसते, टोकाशी तेवढी पोकळी उजळलेली. आत पिलाने सारी जागा व्यापलेली असते. या दिवसापासून फिरवणे बंद, तपासणे बंद, आणि पेटीचे झाकण उघडणेही बंद, कारण आतली दमट हवा गेली तर पापुद्रा सुकून पिलाला आवळतो आणि ते कवच फोडू शकत नाही. ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप, तिच्या ऐन निर्णायक तीन दिवसांत निरीक्षकाला नोंदवही मिटून बसण्याचा हुकूम! निरीक्षकसाहेबांनी हा काळ कसा काढला याची हकिगत वहिनींकडून मिळते. पहिल्या दिवशी ते पेटीभोवती फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीला कान लावला. चैत्राच्या तोंडाशी रायपूरकडची हवा तापू लागते आणि दुपारी बाहेरच उष्णता पेटीच्या बरोबरीला येते, त्यामुळे आतले दिवे तासन्‌तास लागेनात. तेव्हा दिवे लागत नाहीत म्हणून त्यांची छाती धडधडू लागली, आणि दिवे लागले की आता जास्त तापेल म्हणून धडधडू लागली. अखेर वहिनींनी पेटीवर पोथी ठेवली. पोथी उचलल्याशिवाय झाकण उघडत नव्हते, आणि पोथी उचलायची तर स्नान करायला हवे होते, आणि न्हाणीघराच्या झरोक्याला अद्याप पुठ्ठा ठोकलेला होता.

बारा अंड्यांपैकी नऊ फुटली. कडकनाथाची पिले म्हणून जितकी काळी असावीत तितकी त्यांतली चारच होती. बाकीच्यांनी दाईच्या कोंबड्याच्या मिश्र संसाराला साक्ष दिली. परंतु निरीक्षकसाहेबांना त्याहून मोठा धक्का बसला तो तारखेचा. पिले पाडव्याला न येता आदल्या दिवशी, ऐन अमावास्येला, पहाटेपासून चिवचिवू लागली. उष्णता ठरल्याहून थोडी अधिक राहिली तर पिले लवकर निघतात. म्हणजे वहिनींचे ताप मोजण्याचे उपकरण, ज्याची साक्ष अग्राह्य ठरवून फेटाळली होती, ते तीन आठवडे खरे बोलत होते. वहिनींनी ते उपकरण स्वच्छ पुसले आणि एक अक्षर न बोलता देवघराच्या कोनाड्यात ठेवून दिले. आणि आयुष्यात एका आकड्याचाही फेरफार न केलेल्या या पुरुषाने, मी नोंदवही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून लिहितो, नऊच्या नऊ पिलांची जन्मतिथी चैत्र शुद्ध प्रतिपदा अशी दाखल केली आणि खाली सही ठोकली.

पिले महिनाभरात दाईच्या डालग्याखाली गेली. पिलू बाहेर आल्यावर त्यात उजेड घालून पाहण्याजोगे काही उरत नाही, आणि दाण्यासाठी पायात घोटाळणाऱ्या प्राण्याविषयी निरीक्षकसाहेबांना कसलीच जिज्ञासा नव्हती. जिज्ञासा कवचाशी होती. म्हणून ती आता दुकानाकडे वळली आहे. ज्या अंड्याची हवेची पोकळी मोठी ते शिळे, हे त्यांना आता बॅटरीने सांगता येते. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते ट्रेमधले एकेक अंडे उजळून ‘ताजे’, ‘मध्यम’, ‘हरकत घेण्यायोग्य’ असे निकाल इतर गिऱ्हाइकांसमक्ष मोठ्याने देऊ लागले. दुकानदार सिंधी, शांत आणि अनुभवी गृहस्थ. त्याने भांडण केले नाही. त्याने एवढेच जाहीर केले की साहेबांना अंडी दुपारी बारा वाजताच मिळतील, आणि त्या वेळी तो ट्रे बाहेर, लख्ख उन्हात, ओट्यावर मांडून ठेवतो. परवा मी तिकडून येत होतो. भर वैशाखातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ओट्यावर एक मोठी काळी छत्री उघडी पडलेली, तिच्या कडेने खालपर्यंत घोंगडी शिवलेली, आणि घोंगडीच्या आतून आवाज येत होता, “हे सातवे. शेरा लिहून घ्या, शेठ!”